दसऱ्यापर्यंत

क्लाउनफिश मादीच्या डाव्या कल्ल्याचे झाकण उघडत होते, मिटत होते. उजवे मात्र अंगाला चिकटून राहिले होते. त्याच्या कडेला फक्त एक बारीक थरथर दिसत होती. सोनलने चेहरा काचेजवळ नेला. काल उजवे निदान अर्धे तरी उघडत होते.

उपचारासाठी वेगळ्या ठेवलेल्या त्या छोट्या टाकीत हीटर होता, बुडबुडे सोडणारा दगड होता आणि लपायला पाइपचा एक तुकडा. क्लाउनफिश पाइपात शिरतही नव्हती. ती तळाशी एका कुशीवर पडून होती. नारिंगी रंग राखाडी झाला होता आणि कातडीचे पातळ पापुद्रे पाण्यात तरंगत होते.

"काय गो सोनल, नवरी जेवली का?" सासूबाईंनी, आवडाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारले.

"नाही अजून."

मितेशने, सोनलच्या नवऱ्याने, कोपरीच्या या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आणली तेव्हा आवडाबाई हसल्या होत्या. मासे घरात आणायचे आणि खायचे नाहीत, हे त्यांना पटले नव्हते. पण त्यांचे अर्धे आयुष्य मिठागरावर गेले होते. टाकीच्या पाण्याला तोच वास येतो म्हणत त्या रोज तिथे खुर्ची टाकून बसू लागल्या. जोडीतल्या मोठ्या मादीचे नाव त्यांनीच नवरी ठेवले.

नवरीच्या परांवर पांढरी धूळ बसल्यासारखी दिसली तेव्हा सोनलने उभ्या उभ्याच सांगून टाकले, "पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तांब्याचं औषध घालू."

"स्लाइड बघतेस का एकदा?" मितेशने विचारले होते.

"त्यात काय बघायचंय? दिसतंय ना."

वागळे इस्टेटमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती नव्या मुलामुलींना शिकवते, की जंतू दिसल्याशिवाय त्याचे नाव घ्यायचे नाही. तिचा कॉलेजच्या दिवसांतला मायक्रोस्कोप घरातच, माळ्यावर होता. तो खाली काढायला तिला आठवडा लागला, आणि काढला तोही मासा खंगत चाललेला पाहून, मितेश घरी नसताना. अंगावरचा थोडा चिकटा काचपट्टीवर घेऊन तिने पाहिले. ठिपक्यांच्या रोगाचे गोल, संथ फिरणारे जीव तिथे नव्हतेच. लहान, एका बाजूने खोबणी पडलेल्या दाण्यासारखे जीव झपाझप पळत होते. क्लाउनफिशला हाच आजार जास्त होतो, हे तिने कधीतरी वाचलेलेही होते. तांब्याने हे जीव मरत नाहीत. मासा मात्र थकतो.

मितेश यायच्या आत तिने काचपट्टी धुऊन टाकली आणि औषध बदलले. "थोडं बदलून बघतेय," एवढेच सांगितले. नराला नंतर लागण झाली होती आणि त्याला पहिल्यापासूनच नवे औषध मिळाले. आता तो शेजारच्या टाकीत फिरत होता, दाणा खात होता. सोनल त्याच्याकडे पाहायचे टाळत होती.

नवरीचे कल्ले निकामी झाले होते. अशा वेळी काय करतात ते तिला माहीत होते. लवंगेचे तेल पाण्यात घुसळून घालायचे. मासा सुस्तावतो, झोपतो आणि हळूहळू श्वास थांबतो. आवडाबाईंच्या दाढेसाठी आणलेली बाटली फडताळातच होती. पण घरात घट बसले होते, आणि या घरात नवरात्रात मासळीला सुरी लागत नाही. सोनल देवाचे फारसे काही करत नसे. या वेळी मात्र तिने तो नियम दोन्ही हातांनी धरून ठेवला. दसऱ्यानंतर बघू, असे ती रोज स्वतःला सांगत होती. तोवर नवरी आपसूक गेली, तर कोणी काही विचारणार नव्हते.

संध्याकाळी टेंभी नाक्याच्या देवीचे दर्शन घेऊन शेजारची शालू आली. टाकीत डोकावून म्हणाली, "आवडामावशी, आमच्याकडे मासा असा निपचित पडला की त्याचं कालवण होतं."

"घट बसलेत गो, तोंड आवर."

"मी कुठे खाल्लं? नुसती बोलले."

"आमची सोनल बघतेय तिला. लॅबातली मॅडम हाय ती. मानसाच्या थुंकीतला किडा शोधते, माशाचं काय घेऊन बसलीस?"

सोनलने टॉवेलची घडी केली, उलगडली आणि पुन्हा केली.

आवडाबाई खुर्ची ओढून बसल्या. घटावरचे झेंडूचे फूल त्यांनी टाकीच्या झाकणावर ठेवले होते. ते सोनलला आत्ता दिसले.

"बाजारातला मासा पन इतका येळ तडफडत नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन सोनल एवढी जागते तिच्यासाठी. मी देवीला सांगितलंय, पोरीच्या हाताला यश दे. दसऱ्याला हिला पुन्हा मोठ्या टाकीत सोडू."

नवरीने एकदा वर यायचा प्रयत्न केला, अर्ध्यात उलटली आणि पुन्हा तळाशी आली. डावे झाकण उघडले. उजवे नाही.

"दसऱ्यापर्यंत होईल ना बरी, वहिनी?" शालूने विचारले. या वेळी ती थट्टा करत नव्हती.

"नाही," सोनल म्हणाली. तिला आपला आवाज अनोळखी वाटला. "आई, देवीला काही सांगू नका. मी न तपासता रोगाचं नाव घेतलं आणि चुकीचं औषध दिलं. मितेशलाही सांगितलं नाही. आता ती वाचणार नाही, आणि मी तुमच्या घटाच्या आडोशाला बसलेय."

शालूने पदर सावरला.

"दसऱ्यापर्यंत थांबायचं नाही," सोनल म्हणाली. "तुमचं लवंगेचं तेल द्या. मी तिला आज, आत्ताच मारणार आहे."