अडतीस सर्व्हर, एक मांडणी

आमच्या दूध संघाची अडतीस संकलन केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्रावर एक युनिक्स सर्व्हर. दूध मोजायचं, फॅट काढायचं, पावती द्यायची, सगळं त्याच्यावर. हे सर्व्हर कसबा बावड्याच्या मुख्य कचेरीतून शबनूर सांभाळते. तिथंच मी जनरेटर आणि बॅटऱ्या बघतो.

शबनूर या कामावर आली तेव्हा प्रत्येक सर्व्हरवर सॉफ्टवेअर वेगळ्याच जागी होतं. ज्यानं बसवलं त्यानं आपल्या मनानं डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा कप्पा, केलेली. मलकापूरला ‘नवीन’, दुसरीकडं ‘हेच_खरं’, एका ठिकाणी तर ‘गणपतराव_हात_लावू_नये’. गणपतराव म्हणजे आमचे विभागप्रमुख.

“साहेब, सगळीकडं एकच जागा ठरवू,” शबनूर म्हणाली. “प्रत्येक आवृत्तीला स्वतःची डिरेक्टरी. जुनीला धक्का लावायचा नाही. ‘चालू’ नावाची एक खूण ठेवू. ती जिकडं बोट दाखवेल ती आवृत्ती चालणार. नवी पूर्ण बसली की मगच बोट फिरवायचं.”

“चालतंय न्हवं? मग उकरून कशाला काढतीस?”

“चालतंय, पण कसं चालतंय ते तुम्हालाबी सांगता येत न्हाय.”

मी हसू दाबलं. गणपतरावांना ते दिसलंच.

“कर. पण सांजचं दूध एका जरी केंद्रावर अडलं, तर मांडणी मोडायची आणि तू परत पावत्यांच्या टेबलावर.”

त्या टेबलावरून उठायला शबनूरनं तीन वर्षं अभ्यास केला होता. ती कामाला लागली.

पंधरा दिवसांत मांडणी झाली. मग एका बुधवारी, सकाळचं संकलन आटोपल्यावर, तिनं नवी आवृत्ती अडतीस ठिकाणी एकदम पाठवायला घेतली. अकराच्या सुमाराला पडद्यावर सदतीस केंद्रांच्या ओळी हिरव्या झाल्या. गारगोटीची अर्ध्यावर थांबली आणि मग सर्व्हरच दिसेना. गणपतराव खुर्ची ओढून तिच्या मागं बसले. तिनं गारगोटीचं केंद्र सांभाळणाऱ्या केरबाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“केरबामामा, मशीन बंद पडलंय काय?”

“पडतंय कशानं? मीच बंद केलंय. दूध गेलं, कॅन धुतलं, मेन बटण खाली. रोजचंच हाय.”

“रोज? असं कुणी सांगितलं?”

“बाबालालभाईंनी की! दोन वर्सामागं वीज पडून मशीन जळलं, तवा त्येच म्हणालं, काम झालं की बटण खाली. इचारा त्येंलाच, तिथंच असतील.”

बाबालाल म्हणजे मी. सांगितलं होतं खरं. मी खाली मान घालून उभा राहिलो.

“झालं!” गणपतराव म्हणाले. “आता अर्धं नवं, अर्धं जुनं. सांजचं दूध दारात उभं ऱ्हाणार.”

पूर्वी तसंच व्हायचं. नवं जुन्यावरच टाकायचे आणि मध्येच वीज गेली की दोन्ही हातचं जायचं.

शबनूरनं केरबाला बटण वर करायला लावलं. मशीन जागं व्हायला चार मिनिटं गेली. मग तिनं पडद्यावरचं दोनदा वाचून पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

“साहेब, नवी डिरेक्टरी अर्धीच आहे. पण ‘चालू’चं बोट अजून जुनीकडंच आहे. जुनी जशीच्या तशी आहे. मामा, आत्ता म्हैस आणली तरी पावती निघेल.”

“म्हैस इथं कुठं बांधू?” फोनमधून केरबा ओरडला. “शिळं दूध अर्धा लिटर हाय, त्येच घालतो.”

थोड्या वेळानं फोनमधून पावतीच्या छपाईची करकर ऐकू आली.

गणपतरावांनी फोन स्वतःकडं ओढला. “केरबा, आज बटणाला हात लावू नगंस. पोरीचं काम अजून हाय.” मग तिच्याकडं वळून म्हणाले, “प्रयोगशाळेत आणखी सहा सर्व्हर हायत. त्येंचं कधी घेतीस?”

“उद्या, सकाळचं दूध गेल्यावर.”

बटण वर असताना वीज पडली तरी मशीन जळू नये म्हणून मी वीजरोधक मागणारा अर्ज लिहायला बसलो. आधी एक गारगोटीसाठी लिहिला, मग खोडून अडतीस केले. ते बटणाचं मी आणखी कुठंकुठं सांगून ठेवलं होतं, ते काही आठवेना.