सरळ झालेली शीर

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडद्यावर व्यासपीठावर बसवलेल्या शिंप्याच्या हृदयाची रक्तवाहिनी दिसत होती, गुंतलेल्या दोऱ्यासारखी वेडीवाकडी. सरळेमहाराजांनी त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि डोळे मिटून म्हणाले, "शीर सरळ, तर नशीब सरळ." पडदा क्षणभर काळा झाला. उजळला तेव्हा तीच वाहिनी ओळंब्यासारखी सरळ! लोकांनी हात जोडले. गोळ्यांनी शीर रुसते, असं सांगून महाराजांनी औषधं बंद करवली.

शिंपीण मात्र घरी आल्यापासून सैरभैर होती. बसली की उठायची, उठली की नवऱ्याकडे बघायची. तो अजूनही जिन्यात थांबून छाती चोळायचा. विचारलं की म्हणायचा, शीर सरळ होतेय ना, तीच ओढ आहे.

डॉक्टरीणबाईंनी आधी एकदा शिरेत बारीक तार घालून आतला अडथळा मोकळा करायचा प्रयत्न केला होता. पण वळणावळणांत तार अडकली, पुढे जाईना. शीर फाटायला नको म्हणून त्यांनी हात आवरला आणि तसं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या खरेपणानंच शिंप्याचा धीर सुटला होता आणि तो महाराजांकडे वळला होता.

शेवटी महाराजांच्या माणसांनी पडद्यासाठी नेऊन परत दिलेली तपासणीची सीडी पदराआड घेऊन शिंपीण दवाखान्यात गेली. बाईंनी ती लावली. सभागृहात दिसलेलं वाकडं चित्र तीत होतं, सरळही होतं.

"दोन्ही मीच काढलीत, एकाच सकाळी. कॅमेरा तेवढा फिरवला होता," बाई म्हणाल्या. त्यांनी एक तार नागमोडी वाकवून दिव्यासमोर धरली. भिंतीवर नागमोडी सावली पडली. तार कडेनं फिरवली, तशी सावली सरळ झाली.

पुढच्या सत्संगात शिंपीण थेट व्यासपीठावर चढली आणि पडद्यावर पडणाऱ्या उजेडाच्या झोतात बाईंची तीच तार धरली. पडद्यावर नागमोडी सावली पडली. महाराज हसून म्हणाले, श्रद्धा नसली की सगळं वाकडंच दिसतं.

तिनं तार फिरवली. "आता सरळ दिसतंय. माझी श्रद्धा तेवढीच आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सभागृहच हसलं. महाराजांना एकाएकी समाधीची वेळ आठवली.

घरी आल्यावर शिंपी कितीतरी वेळ ती तार बोटांत फिरवत राहिला. "मला बरं व्हायचं होतं गं," तो म्हणाला.

"मग आधी गोळी घे."

दुसऱ्या खेपेला बाईंनी अधिक लवचीक तार घेतली, तिला आधाराची नळी दिली आणि एकेक वळण चुचकारत पार केलं. शीर वाकडी ती वाकडीच राहिली. अडलेलं रक्त मात्र वाहू लागलं.

आता कापड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला शिंपीण सांगते, "हात खुशाल जोडा. पण हे कसं झालं, ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका."