उजवी कुणाची?

आमच्या गावाला तीर्थक्षेत्र म्हणणारी ती पोरगी पहिलीच. मुळशी धरणाच्या काठाला गाव, देवळं तीन. मारुतीच्या पारावर पत्ते चालतात, महादेवाच्या मंडपात खताच्या गोण्या रचल्यात. राहिली वाघजाई. पण माझ्या लेकानं, निरंजननं, घरातल्या दोन खोल्या पाव्हण्यांना द्यायला काढल्या आन् मोबाईलवर ठोकून दिलं, 'मुळशीची छोटी काशी, परम शांतता'. शांतता हाय, खोटं कशाला बोलू. तरणी माणसं समदी हिंजवडीला गेल्यावर दुसरं काय उरणार!

तर ही पल्लवी. पाठीवर तिच्यायेवढीच पिशवी. आली ती चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून आमच्या गोठ्यापुढंच उभी राहिली. "काका, इथं काहीतरी जाणवतं हो." म्हणालो, "शेण काढायचं ऱ्हायलंय, त्ये जाणवत आसंल." हसली बिचारी. पोरगी गोड होती, त्यात वाद न्हाई.

दुसऱ्याच दिवशी आमचा कौल होता. झालं असं, आमची पाण्याकडची भातखाचरं एका रिसॉर्टवाल्याला पायजे होती. निरंजन म्हणे, देऊन टाकू, हिंजवडीजवळ जांब्याला फ्लॅट घेऊ. मी म्हणे, माझ्या मढ्यावरनं. चार महिने एकमेकांच्या ताटाकडं बघत जेवलो, तोंडाकडं न्हाई. शेवटी मीच म्हणालो, वाघजाईला विचारू. देवीनं उजवी दिली तर मी मुकाट सही करतो, डावी दिली तर तू पुन्हा नाव काढायचं न्हाई. निरंजनचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास न्हाई, पण माझी सही पायजे म्हणून कबूल झाला. मला मात्र खात्री होती. तीस वर्सं गावाला मी सांगत आलोय, देवीनं दिलं ते निमूट घ्यायचं. डावा कौल आला म्हणून कुशाबा गुरवाची अर्धी खणलेली विहीर मीच बुजवायला लावली. येवढं केल्यावर देवी माझा शब्द राखणार न्हाई व्हय?

सकाळी कुशाबानं देवीच्या दोन्ही खांद्यांना तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर व्हय, डावी आधी पडली तर न्हाई. मग बसायचं. पल्लवी बी बघाय आली होती. तास झाला, कळ्या हालंनात. निरंजनचा फोन वाजला, रिसॉर्टवाल्याचाच, आन् तो उठून बाहेर गेला. मी त्याच्या मागं. "देवी बोलायच्या आधीच तू बोलतोस व्हय रं?" मी आवाज चढवला, त्यानं चढवला, आमी अंगावर जायला लागलो तसा कुशाबा सोडवायला धावला. तेवढ्यात आतनं पल्लवीची हाक. "काका, फुलं पडली!"

गेलो तर दोन्ही कळ्या देवीच्या पायावर शेजारी शेजारी. बाईसाहेबांनी उचलून नीट मांडून ठेवलेल्या.

"आधी कुटली पडली?" कुशाबानं इचारलं.

"उजवीकडची. मी पाहिली ना."

निरंजननं टाळीच वाजवली. गेली खाचरं. आता जांब्यात चौथ्या मजल्यावर बसून लोकांची वाळत घातलेली कापडं मोजायची. आन् मग एकदम डोक्यात आलं.

"थांब पोरी. उजवीकडची म्हंजे कुणाच्या? तुझ्या का देवीच्या?"

ती गोंधळली. "माझ्याच ना, काका."

"मग देवीची डावी!" मी वरडलोच. देवीसमोर उभं राहिलं की आपली उजवी ती तिची डावी, ह्ये शेंबडं पोर पण सांगंल. कुशाबानं मान डोलावली. निरंजन म्हणाला, परत लावा. कुशाबा म्हणाला, एका गोष्टीला वर्साच्या आत दुसऱ्यांदा इचारत न्हाईत. निरंजन पाय आपटत निघून गेला. मला तर नाचावं वाटत होतं.

दुपारी ओट्यावर पल्लवी मोबाईल घेऊन आली. "काका, गंमत दाखवू? व्हिडिओत कळी पडताना आलीय."

बघितलं. पोरगी देवीकडं पाठ करून उभी, हात लांब करून सोताचाच व्हिडिओ काढतीय. तिच्या मागं देवी. दोघींची तोंडं एकाच दिशेला. म्हंजे हिची उजवी तीच देवीची उजवी. आन् देवीच्या तलवारीच्या हाताकडची, उजव्या खांद्यावरची कळी टपकन आधी पडली. दुसरी मागनं. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायची हिंमत झाली न्हाई.

"पोरी, ह्ये पुसून टाक."

"का हो? किती सुंदर आलंय!"

"आमच्या देवीचा फोटू काढत न्हाईत. कोप व्हतो."

असला नियम आमच्या गावात कधीच नव्हता. देवीच्या फोटूचं कॅलेंडर माझ्याच घरात लटकतंय. पण पोरीचं तोंड उतरलं. माझ्यासमोर पुसलं आन् वर माझ्याच पाया पडली. "चुकलं काका, मला माहीत नव्हतं." म्हणालो, "आसूं दे." माफ केलं तिला मी!

उन्हं कलल्यावर निरंजन आला. वाटलं, भांडाय आला. तर शेजारी बसला. "आबा, त्या माणसाला न्हाई म्हणून कळवलं."

"कळवलं बी?"

"मग काय करणार! खरं सांगू? तुमच्या कौलाला मी हसत होतो. पण समदं माझ्या बाजूनं झालेलं असताना, 'कुणाची उजवी' ह्ये तुमाला बरोबर तितंच सुचलं. त्ये तुमचं डोकं न्हाई आबा. तुमचं डोकं येवढं चालत न्हाई. देवीनंच सुचवलं. चला, नारळ फोडू."

सोताच्या लग्नातसुद्धा देवीपुढं नुसती मान हलवून गेलेला माझा लेक त्या दिवशी लोटांगण घालून पडला. उठला तेव्हा डोळ्यांत पाणी. खाचरं राहिली होती, लेक परत बोलत होता, आन् मला लाज वाटत होती. येवढी, की देवीच्या तोंडाकडं बघवंना.

"आबा, डोकं टेका की."

"गुडघे धरलेत रं," म्हणालो.

"आधी सांगायचं न्हाई व्हय?" त्यानं घाईघाईनं माझा हात धरला, आधार दिला. "सावकाश, आबा. देवी समजून घेती." काय बी झालेलं नसलेल्या गुडघ्यांनी मी देवळाच्या पायऱ्या लंगडत उतरलो.