मांडवातले नेचे

ऋतिकाने आमच्या भर साखरपुड्यात माझी अंगठी परत केली. पण असं काही घडलेलंच नाही, ही आमच्या घराची अधिकृत भूमिका आहे. म्हणून मीही काही न घडल्यासारखंच सांगतो.

ऋतिका नेच्यांवर पीएचडी करते. नेच्याला फूल नाही, फळ नाही, नुसती पिसांसारखी पानं. पाल गावाच्या वर सातपुड्यात एक घळ आहे. आत ओलं गर्द रान, बाहेर कुसळी गवताचा उघडा उतार. दोन्ही जिथं भेटतात, त्या पट्ट्यात तिचा जीव. पाण्याकडे हंसराज, गवताकडच्या खडकात मयूरशिखा, आणि मधे धड इकडचे ना तिकडचे असे कितीतरी. कोण सावली सोडून किती बाहेर सरकतं, हे ती तीन पावसाळे बघत होती. एकदा मला घेऊन गेली. म्हणाली, "हितेंद्र, इथं मी कोणालाच आणत नाही." मी विचारलं, "डब्यात काय आहे?"

साखरपुड्याला आमच्याकडे केळीचे खांब लावतात. मला वेगळं काही हवं होतं. मी सुपडूनानांना, माझ्या काकांना, ती वाट समजावून सांगितली. नाना पिकअप भरून आले. सगळे नेचे मुळासकट, ताजे राहावेत म्हणून.

ऋतिका स्टेजवर आली. अंगठ्या घालून झाल्या. आई म्हणाली, "पाह्य बाई, तुले आवडते म्हनून आख्खी दरीच आनली!"

ऋतिका मागे वळली. प्रत्येक रोपाला तिच्या अक्षरातला नंबर लटकत होता.

"नंबर होतेच," नाना खूश होऊन म्हणाले, "मंग त्याच हारीनं लावले. आपल्या कामात गडबड नाही."

म्हणजे ओलीपासून गवतापर्यंतचा तिचा पट्टा आता सोफ्यापासून कूलरपर्यंत होता. ती एकेक नंबर वाचत कूलरपर्यंत गेली. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे बघा, थोडं हसा."

"जागा कोणी दाखवली?" तिनं विचारलं.

मला कधी उत्तर सुचत नाही असं होत नाही. मी म्हणालो, "नानांनीच शोधली."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "हो पोरी. मीच."

"नाना, तुम्ही कशाला खोटं बोलता?" ती म्हणाली. "ती जागा मी एकालाच दाखवली होती."

नेच्यांचं तिनं कदाचित माफ केलं असतं. अंगठी तिनं माझ्या हातात नाही, नानांच्या हातात दिली.

पाहुणे वरणबट्टी जेवून गेले. दुसऱ्या दिवशी मी आणि नाना सगळे नेचे परत लावून आलो. आठवड्याभरात सगळे वाळले. मग मी अर्ज केला:

मा. वनक्षेत्रपाल यांसी, सदर घळीतील नेच्यांनी तीन पावसाळ्यांच्या वाढीसह आपापल्या मूळ जागी तात्काळ रुजू व्हावे, असे आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत. आणि जे रुजू होणार नाहीत त्यांच्या जागी, ओल व गवत यांच्या मधोमध, अर्जदारास कायमस्वरूपी उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.