कपिलच्या गिटारची तक्रार

खोडदला आमच्या शेतामागं दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आहेत. त्या आकाशातले क्षीण रेडिओ संदेश ऐकतात, म्हणून गावातलं एखादं यंत्र अडथळा आणत असेल तर तिथली माणसं अँटेना घेऊन शोधत येतात.

माझ्या बारावीच्या वर्षी शेजारचा कपिल दिवसभर इलेक्ट्रिक गिटार बडवायचा. एकच तुकडा, शंभरदा. आमची भिंत एकच, त्यामुळं माझं पुस्तक आठ-आठ दिवस एकाच पानावर उघडं. शेवटी ताडकन उठले, दुर्बिणीच्या गेटवर गेले आणि सांगितलं, "शेजारच्या स्पीकरमुळं तुमचं काम बिघडतंय. येऊन बघा."

तिसऱ्या दिवशी जीप आली. अँटेनावाला कपिलच्या दारात पाच मिनिटं थांबला, नकारार्थी मान हलवली आणि सरळ आमच्या गोठ्यात शिरला. आमच्या चारा कापायच्या कडबाकुट्टीचा स्विच ठिणग्या टाकत होता.

"भाऊ, आमी लई दिवस हेच शोधतोय," तो माझ्या वडलांना, अण्णांना म्हणाला. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. पलीकडं गिटार चालूच होती.

आता कपिल मोठमोठ्या स्टेजवर वाजवतो. काल मोबाइलवर त्याची मुलाखत लागली. मला बसवेना, घरभर फिरत ऐकली.

"शेजारच्या अक्षदाची तेव्हा बारावी होती," तो सांगत होता, "पण तिनं भिंतीवर साधी एक थाप मारली नाही."

तेवढी थापच मारायला हवी होती.