सूर्यदर्शनाचा नेम

मनकर्णेने आषाढी एकादशीला नेम धरला तेव्हा ती नगरकडच्या कर्जतला होती, आणि कर्जतला उन्हाची काय वाण! चातुर्मासभर सूर्यनारायणाचं दर्शन झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, एवढंच तिने तुळशीपुढे म्हटलं. पंधरा दिवसांत तिच्या नवऱ्याची, रंगनाथ मास्तरांची, बदली भंडारदऱ्याकडच्या वाडीत झाली. इथे धुकं असं की अंगणातली शेळी दिसेना, तिथे सूर्य कुठला!

आज तिसरा दिवस. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मास्तर शाळेच्या कामाला राजूरला गेलेले. मिळालेली खोली गळत होती, म्हणून बिऱ्हाड वाडीतल्याच छबूबाईच्या पडवीत उतरलं होतं. तिलाच मनकर्णेने विचारलं, "धुक्याच्या वर जाता येईल का हो?"

"डोंगरावर देवी हाय, तितवर वाट जाते. कधी कधी वर उघडं असतं." छबूबाईने नागलीची भाकर फडक्यात बांधली, पावसाला दोन इरली काढली. "चला, मास्तरीणबाई. तुमचा सूर्य रुसलाय, हुडकून आणू."

रान गच्च होतं. हिरड्याच्या पानांवरून थेंब गळत होते. पुढे छबूबाईचं इरलं तेवढं दिसे, तेही मधेच पुसलं जाई. मनकर्णा सूर्याची बारा नावं घेत पाऊल टाकत होती. सातव्या नावाशी जीभ अडखळे, पुन्हा पहिल्यापासून.

"तुमच्याकडं म्हनं पाऊसच न्हाई?"

"पावसासाठी देव पाण्यात ठेवतात आमच्याकडे."

"आन हितं तुमी उन्हासाठी उपाशी. देवानं तरी कुनाकुनाचं ऐकावं?"

मनकर्णेला हसू आलं. हसतानाही धाप लागली.

माथ्यावर शेंदूर लावलेला दगड होता, आणि पुढे कडा. खाली कोकण आहे म्हणे. दिसत होती नुसती पांढरी पोकळी. दुपार होईतो दोघी बसून राहिल्या. मग देवीमागच्या कातळातल्या टाक्यातलं पाणी आणायला छबूबाई उठली, आणि झोक जाऊन मटकन खाली बसली.

"काय झालं?"

"काय न्हाई. घेरी आली."

"सकाळी काय खाल्लंत? आणि काल?"

"घरात पाव्हनी उपाशी, आन मी चुलीपाशी बसून गिळू? आमच्यात न्हाई तसं करीत."

"अहो, मग बोलायचं तरी!"

"नेम तुमचा. त्यात मी कशाला तोंड घालू?"

तीन दिवस मनकर्णेचे डोळे आभाळाला लागले होते. ताटं किती वाढली जातात, हे तिने पाहिलंच नव्हतं. तिने फडकं सोडलं, भाकर मोडली आणि तुकडा छबूबाईपुढे धरला.

"आदी तुमी."

"अहो, पण माझा नेम…"

"मग ठेवा झाकून."

छबूबाईने तिचा हात बाजूला सारला. मनकर्णा देवीकडे वळली. "आई, नेम मी मोडते आहे. दोष माझा, हिचा नाही." मग तिने तुकडा तोंडात घातला. कोरडी भाकर तिने चावून चावून गिळली. तिचा घास उतरलेला पाहून मगच छबूबाईने खाल्लं, घाईघाईने, मान खाली घालून.

धुकं तसंच होतं. जिथे सूर्य असावा असं वाटलं तिकडे मनकर्णेने हात जोडले.

उतरताना ती म्हणाली, "छबूबाई, आता नवा नेम. तुम्ही जेवलेल्या दिसल्याशिवाय मी घास घ्यायची नाही."

"आन मी तुमच्या आदी जेवत न्हाई. म्हंजे दोगी मेलो!"

"मग ताटं एकदमच मांडू," मनकर्णा म्हणाली, आणि इरलं सावरून पुढच्या दगडावर पाय ठेवला.