सात नंबरचा जिना

रिकामं विमान भरलेल्या विमानापेक्षा उंच असतं.

अंबूबाईला चुलीतला जाळ दिसतो. तव्यावरची भाकरी दिसत नाही.

'भिंगरी पुन्हा उडणार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. रोज सकाळी कुणीतरी गुलाबाचं फूल टाकतं. बाकी सगळे गप्प.

दोन बोकड. एक तांबडा, एक डाव्या कानावर पांढरा.

"सदर वस्तू कायमस्वरूपी आहे की तात्पुरती?"

वेल्डर सोमवारी येतो म्हणाला. कुठला सोमवार ते म्हणाला नाही.

उतरताना कठडा धरावा.

*

या सगळ्याच्या मधोमध एक कडा आहे.

पोलादपूरहून गाडी जिथं थांबते तिथून धनगरवाडी चांगलीच वर. चढ कसाही चढता येतो, पण वाडीच्या तोंडाशी सरळ उभा खडक लागतो, दोन पुरुष उंच. त्याला ऐनाच्या लाकडाची शिडी टेकवलेली असते. बकऱ्या बाजूच्या कपारीतून जातात, माणसं शिडीवरून. ज्याला शिडी जमत नाही त्याला कुणाच्या तरी पाठीला दोराने बांधून उतरवतात.

अंबूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. महाडला शस्त्रक्रियेचं शिबिर होतं, गुरुवारी. ते चुकलं की पाऊस, आणि पाऊस लागला की खडकावर शेवाळ, म्हणजे थेट दसरा. तोवर डोळा पिकून अवघड होईल, असं नर्सबाई वाडीत येऊन सांगून गेल्या होत्या.

"आये, पाठीवर घेतो तुला," चंदन म्हणाला. "डोळे मिटून बस."

"मिटायचे काय मेल्या, मिटलेलेच हायत."

"मग कशाला भितेस?"

"भीत नाय मी. खाटकाकडं बकरू नेतात तसं बांधून नेणार मला? माझ्या पायांनी उतरेन. धरायला काय तरी दे."

ऐनाच्या शिडीला धरायला काही नव्हतं. त्याच शिडीवरून अंबूबाईचा नवरा, नाथू, दुधाच्या किटलीसकट खाली आला होता. किटली सापडली तेव्हा चेपलेली होती. नाथू पुढे दोन वर्षं अंथरुणात होता.

*

धरायला काय तरी.

महाडहून येताना, हायवेला लागून असलेल्या भंगारवाल्याच्या आवारात, चंदनला ते दिसलं. जांभळा रंग. त्यावर पांढरी भिंगरी, शेपूट फाकवून उडणारं पाखरू. विमानाला लावायचा जिना, आडवा पडलेला, त्याच्या सावलीत कुत्रं.

किशोरने पिकअप थांबवली. किशोर खालच्या गावचा. भिंगरी विमान कंपनीत तो सामान चढवायचा, चंदन जिना ढकलायचा.

"आपला हाय काय रे तो?"

चंदन आधीच खाली उतरला होता. सातव्या पायरीची सुटलेली पट्टी त्याने स्वतः तारेने बांधली होती. तार तशीच होती. फक्त गंजलेली.

"सात नंबर," तो म्हणाला.

भंगारवाला म्हणाला, "लिलावातला माल आहे. चाकं आणि खालचा सांगाडा विकून झाला. हा वितळवायला जाणार."

"किती?"

भंगारवाल्याने चंदनकडे पाहिलं, धनगर आहे हे ओळखलं. "घरी नातवाचं बारसं आहे," तो म्हणाला. "बोकड असतील ना?"

*

भिंगरी एअरलाइन्स आली तेव्हा तिच्याकडे तीन विमानं होती आणि मालकाकडे एक कल्पना होती, की विमानाला चिकटणारा तो काचेचा बोगदा वापरला की भाडं भरावं लागतं, तर आपण लोकांना जिन्यावरून चढवू, जेवण देणार नाही, पाणी विकत देऊ, विमान उतरलं की चहा पिऊन होईपर्यंत परत उडवू, आणि त्या वाचलेल्या पैशात तिकीट एसटीच्या आसपास आणू, आणि यासाठी पळणारी पोरं हवीत, तेव्हा भरती करणाऱ्या बाईंनी चंदनला विचारलं की वजन घेऊन पळता येतं का, तो म्हणाला पळता नाय येत, चढता येतं, बाई हसल्या आणि त्याला घेतलं, त्याच्यामागून किशोरला घेतलं, तीन विमानांची अकरा झाली, अकराची सव्वीस, मालक जिन्यावर उभा राहून म्हणाला की हा जिना म्हणजेच भिंगरी, आणि चंदनने त्या रात्री वाडीत फोन करून आईला सांगितलं, आये, मालक माझ्या जिन्यावर उभा राहिला.

"पडला नाय ना?" अंबूबाईने विचारलं होतं.

*

"कशाचा जिना?"

"विमानाचा, साहेब."

वनखात्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा काढला. "वनहद्दीत विमान?"

"विमान नाय. नुसता जिना. खडकाला लावायचा हाय. आयला डोळ्यांनी दिसत नाय."

"हे बघा, वनहद्दीत लोखंडी बांधकाम करता येत नाही."

"लोखंड नाय साहेब, ॲल्युमिनियम हाय."

"ॲल्युमिनियमसाठी वेगळी परवानगी लागेल का, हे मला वरती विचारावं लागेल. सदर वस्तू कायमस्वरूपी आहे की तात्पुरती?"

"तात्पुरती."

"किती काळ?"

"आमच्या कंपनीचं तात्पुरतं तीन वर्षं चालू हाय अजून."

साहेब हसले नाहीत. "सोमवारी या," ते म्हणाले.

सोमवारी साहेब अलिबागला मीटिंगला गेले होते. मंगळवारी वीज नव्हती. बुधवारी त्यांनी सांगितलं की त्यांना काही माहीत नाही, त्यांनी काही पाहिलं नाही, आणि आता कृपा करून समोरून जा.

ही परवानगी होती की नव्हती, यावर किशोर आणि चंदन सबंध घाटभर भांडले.

*

तात्पुरतं असं सुरू झालं होतं:

पगार उशिरा. मग अर्धा. मग 'लवकरच'.

एका विमानाचं इंजिन काढून दुसऱ्याला लावलं. मग त्या दुसऱ्याचं तिसऱ्याला.

इंधनवाले म्हणू लागले, आधी रोख, मग नळी.

विमानं भाड्याची होती. ज्यांची होती ती गोरी माणसं आली, विमानांभोवती फिरली, फोटो काढून गेली.

एका दुपारी सूचना लागली. सर्व उड्डाणे तात्पुरती स्थगित. आत काउंटरवर प्रवासी ओरडत होते, एक नवरदेव मुंडावळ्यांसकट रडत होता. बाहेर चंदन जिन्याला टेकून उभा. त्याला घरी जा असं कुणी म्हणालं नाही. तो अंधार पडेपर्यंत उभा राहिला.

मग दुबईचा कुणी कंपनी घेणार होता. मग सिंगापूरचा. मग कोर्टाची तारीख. प्रत्येक तारखेला चंदनने दुसरी नोकरी पुढे ढकलली. किशोरने पिकअप घेतली. चंदन वाडीत परतला, बकऱ्यांमागे जाऊ लागला, भिंगरीचं जांभळं जाकीट घालून, कारण थंडीला ते बरं होतं.

"कधी उडनार तुझी?" लोक विचारायचे. नंतर नंतर विचारीनासे झाले. ते जास्त लागायचं.

*

बुधवारी दुपारी जिना वर निघाला. दोन तुकडे, वाशांना बांधून, डोलीसारखे. वाडीतली जी चार माणसं खांदा द्यायच्या वयाची होती त्यांनी दिला. कठडा प्रत्येक झुडपात अडकत होता. किशोर शिव्या देत होता: जिन्याला, करवंदीला, दुबईवाल्याला, आणि जास्त करून चंदनला.

"बोकड कापून खाल्ले असते तर पोट तरी भरलं असतं रे!"

सूर्य कलताना जिना खडकाला टेकला. बोल्ट पिळले. चंदन धावत चढला, वरच्या फळीवर उभा राहिला, आणि हात वर केला.

हात कड्याला लागला. पाय लागायला हवा होता.

"काय झालं?" किशोर खालून.

"लहान पडतोय."

"किती?"

"माझ्या छातीइतका."

"अरे मोजला नव्हतास?"

"मोजायचा कशाला? बारा वर्षं ढकललाय मी तो!"

"चाकांवर, भावा," किशोर म्हणाला. "चाकांवर ढकललास. चाकं कुठं हायत?"

चंदन वरच्या फळीवर खाली बसला. त्याच्या बाजूने एक शेळी कपार सोडून जिन्यावर उतरली, टकटक करत खाली गेली, परत वर आली. तिला आवडलं होतं.

*

वेल्डरला फोन. सोमवारी.

*

रात्र पडेपर्यंत त्यांनी दगड रचले. जिना उचलायचा, खाली चिरे सरकवायचे, पुन्हा टेकवायचा. बायकाही आल्या. एकदा सगळंच कलंडलं आणि किशोरच्या अंगठ्याचं नख गेलं. त्यानंतर तो शिव्या द्यायचाही थांबला. छातीवरचं अंतर कमरेवर आलं, कमरेवरून मांडीवर. त्याच्या पुढे दगड हलू लागले. तिथंच सोडलं.

गुरुवारी उजाडताच अंबूबाई लुगडं बदलून कड्यावर येऊन उभी राहिली. चंदन खालच्या अंगाला, फळीवर. दोघांच्या मध्ये मांडीइतकी पोकळी.

"कुठं हाय ते?"

"इथं. पाय सोड खाली."

"हलतंय काय?"

"नाय हलत."

"खोटं नको बोलू. तुझा आवाज हलतोय."

"आये, शिबिर बंद होईल!"

"वरडू नको. हात दे."

त्याने उजवा हात वर दिला, डावा तिच्या कोपराखाली धरला, एक पाऊल मागे सरकून जागा केली आणि म्हणाला, "आरामसे मॅडम, पहले लेफ्ट पैर."

अंबूबाई थांबली. एक पाय हवेत. "मॅडम कुनाला म्हणतोस रे?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात तिचा पाय फळीला लागला. मग दुसरा. तिने कठडा चाचपला, दोन्ही हातांनी, वरून खाली, म्हशीची कास चाचपावी तसा.

"गार हाय," ती म्हणाली. "सोड आता मला."

ती उतरू लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. चंदन एक पायरी खाली, उलटा, हात पसरून, न शिवता. सातव्या पायरीची पट्टी वाजली. तार धरून राहिली.

खाली किशोर मोबाइलकडे बघत होता. रेंज तिथंच यायची. त्याने मान वर केली, परत खाली घातली.

"काय?" चंदन ओरडला.

"नूतनचा मेसेज." नूतन ही चंदनची बहीण, पोलादपूरला दिलेली, ती पहाटेच महाडला जाऊन रांगेत उभी होती. "डॉक्टर आले नायत. शिबिर पुढच्या गुरुवारी."

चंदनने कठड्यावर मूठ मारली. एकदा, दोनदा. सगळा जिना थरथरला. कंपनी, साहेब, वेल्डर, डॉक्टर. त्याच्या तोंडात सगळे एकदम आले आणि एकही शिवी पुरी झाली नाही.

"मारू नको त्याला," अंबूबाई म्हणाली. "मी अजून वरच हाय."

"चल मागं, आये. पुढच्या गुरुवारी बघू."

"मागं?" तिने खालच्या पायरीवर पाय टाकला. "मी नाय चढत परत. नूतनकडं राहते आठ दिवस. पाऊस आला तर येऊ दे, मी खालीच असेन. बकऱ्यांचं तू बघ."

तिचा पाय दगडांना लागला, मग मातीला. किशोरने पिकअपपर्यंत जायला तिला काठी दिली आणि हातही पुढे केला. तिने काठी घेतली, हात मात्र घेतला नाही.

*

सामान उतरू लागलं की विमान हलकं होऊन वर यायचं आणि सात नंबरचा जिना दाराला कमी पडायचा. म्हणून भिंगरी चालू होती तोवर प्रत्येक उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चंदन वरच्या फळीवर उभा राहून हात द्यायचा.